पेटी राहिली, तबला राहिला

१

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला म्हणून आम्ही शेजारच्या पंचाक्षरी अण्णांकडं गेलो. त्यांनी आपट्याची पानं घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सयाजीराव, शांतव्वाला चोरून नेलं कुणीतरी."

शांतव्वा म्हणजे अण्णांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या दिवसाला मी स्वतः जेवलो आहे. त्यामुळं मी आधी अण्णांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग क्रांतीकडं. क्रांती माझी बायको. एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिनं सगळी नोकरी दूध तपासण्यात काढली. कॅनचं झाकण उघडलं की भेसळीचा तिला वास यायचा, आणि निवृत्त झाल्यावर तेच नाक तिनं माणसांसाठी वापरायला काढलं. कॉलनीत कुणाचं काही हरवलं, बिनसलं की लोक आमच्या दारात येतात. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. माझ्याकडं कुणी येत नाही.

"बसा अण्णा. नीट सांगा," क्रांती म्हणाली. "गेलं काय?"

"आवाज गेला, वैनी. तिचा आवाज."

अण्णा आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेले. उचगावच्या रस्त्याला आमची कॉलनी आहे आणि या खोलीसाठी अण्णा कॉलनीत प्रसिद्ध आहेत. गुळाची अडत मुलाच्या हवाली केल्यापासून ते तिथंच असतात. दोन मोठे स्पीकर, मध्ये लाकडी मांडणीवर टेप डेक, सीडी प्लेअर, जड अँप्लिफायर आणि समोर एक खुर्ची. या सगळ्या थाटाचं कारण एक कॅसेट. सीमेकडच्या त्यांच्या गावी एका श्रावणात शांतव्वा वचनं, म्हणजे लिंगायत संतांची कन्नड पदं, गायली होती. अण्णांनी हाच डेक गाडीत घालून नेला होता आणि मंडपवाल्याचे दोन माईक लावून ते गाणं भरून घेतलं होतं. तिचा आवाज जगात तेवढाच शिल्लक. कॅसेट खराब होईल या भीतीनं अण्णांनी तिची नक्कलसुद्धा कुणाला करू दिली नव्हती.

त्यांनी बटण दाबलं. पेटी सुरू झाली, तबला सुरू झाला. पेटीवाला सूर देऊन थांबे, कुणाची तरी वाट बघे आणि मग कुणाच्या तरी मागून जाऊ लागे. पुढं मात्र कुणीच नव्हतं. नीट कान दिला तर फार लांब काहीतरी घोंगावल्यासारखं वाटे, तेही भासच म्हणायचा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी अंगावर काटा आला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पेटीवाला आणि तबलजी एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे वाटतात नाही?"

क्रांतीनं मला कोपरानं ढोसलं. अण्णांनी डेक बंद केला.

"परवापर्यंत ती गात होती," ते म्हणाले. "आज सकाळी लावली तर ही अशी. या खोलीत तिघंच आले हायत. माझा पोरगा, माझी सून आणि तो आदर्श. तिघांतल्या कुणीतरी माझी शांतव्वा पुसली. कुणी, तेवढं सांगा. मग मी बघतो."

२

आदर्श कोण, ते आधी सांगतो. हातकणंगल्याचा हा पोरगा घरी बसून अँप्लिफायर बनवतो आणि लांबलांबची माणसं त्याच्याकडून ते करून घेतात. अण्णांना त्यानं गेल्याच आठवड्यात एक प्रीअँप बसवून दिला होता. प्रीअँप म्हणजे काय, हे अण्णांनी मला कुंपणावरून इतक्यांदा सांगितलं होतं की मला झोपेतही सांगता येईल. टेपमधून येणारा आवाज अगदी नाजूक असतो. तो मोठ्या अँप्लिफायरच्या हातात द्यायच्या आधी नीट सावरून घेणारा डबा म्हणजे प्रीअँप. तो चांगला असला तर गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

आणि तसा तो ऐकू आला होता. ज्या दिवशी डबा बसला त्या दिवशी अण्णा पोरासारखे आमच्या अंगणात आले होते. "वैनी, तिच्या बांगड्या ऐकू आल्या! आणि आवाज असा की खोलीभर शांतव्वाच. ती एका जागी नसतीच कधी, भिंतीतनं येती."

आता तोच डबा मांडणीवर बसला होता. काळं, गुळगुळीत तोंड, मध्ये एक मोठं बटण फिरवायचं आणि त्याच्या शेजारी दाबायच्या लहान काळ्या बटणांची रांग. नावं कशावरही नव्हती.

"अक्षरं लिहिली की बाजारातलं वाटतं, असं म्हणतो तो," अण्णा म्हणाले. "मला काय करायचंय? मी मोठं बटण तेवढं फिरवतो."

"हा डबाच बिघडला नसेल कशावरून?" मी विचारलं.

अण्णांनी दुसरी कॅसेट घातली. जुनी सिनेमाची गाणी खणखणीत वाजली. बाई गायली, बुवा गायला, सगळं शाबूत. तिसरी घातली. भजनं. तीही शाबूत.

"बघा. डबा चांगला हाय. कॅसेटच मेली."

क्रांतीनं शांतव्वाची कॅसेट उलटसुलट करून पाहिली. मागची टिकली मोडलेली होती. टिकली मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, एवढं मलाही माहीत होतं. म्हणजे चुकून वरून दुसरं काही भरलं गेलं, असंही नव्हतं.

"अहो," ती मला म्हणाली, "आपला टेप आणा."

आमच्या माळ्यावर एका स्पीकरचा जुना टेपरेकॉर्डर आहे. मी तो धूळ झटकून आणला. या गरीब डब्यात अण्णांचा कुठलाच थाट नव्हता, प्रीअँप नाही की काही नाही. इथं शांतव्वा गायली असती तर दोष अण्णांच्या मशीनचा ठरला असता. अण्णांनी स्वतः कॅसेट घातली.

पेटी वाजली. तबला वाजला. शांतव्वा नाही.

अण्णा खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले. इतका थोराड माणूस, बाजारात ज्याच्या आवाजानं हमाल दचकायचे, तो असा रडताना मला बघवेना. मी आपला वायरींकडं बघत उभा राहिलो.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांतीनं मला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही हातकणंगल्याला गेलो. आदर्शच्या खोलीत डिंकाचा आणि डागकामाचा वास होता. आम्ही कशासाठी आलो हे कळताच त्याचा चेहरा उतरला.

"काकू, अण्णांनी फोनवर मला लई शिव्या घातल्या. मी येऊन बघतो म्हणालो तर म्हणाले, पाय ठेवलास तर तंगडं मोडीन."

"तू त्यांना डेक विकत मागितलतास म्हणं?"

"मागितलता की. असला डेक आता गावत न्हाय. त्यांनी दिला न्हाय, विषय संपला." त्यानं ड्रॉवरकडं पाहिलं. "पण काकू, एक गोष्ट मी अण्णांना सांगितली न्हाय."

क्रांतीनं माझ्याकडं पाहिलं. मी खुर्ची पुढं ओढली.

"डबा बसवून झाल्यावर मी डेकच्या आत हे फिरवलं." त्यानं ड्रॉवरमधून एक वायर लावलेली दांडी काढली. "टेप घासून घासून आतल्या भागात चुंबकपणा साठतो. तो ह्यानं काढायचा. ही दांडी म्हंजे पण चुंबकच हाय. कॅसेट त्या टायमाला शेजारीच होती. टेपवरचं गाणं म्हंजे शेवटी चुंबकाचाच खेळ. रात्रभर मला झोप न्हाय. मीच पुसली काय तिला?"

मला तर तिथंच गुन्हेगार सापडला. पोरगं प्रामाणिक होतं, पण चुंबक तो चुंबक. मी क्रांतीच्या कानात तसं म्हणालोही.

"त्यानंतर कॅसेट वाजवून बघितलीस?" क्रांतीनं विचारलं.

"व्हय. तवा तर बांगड्या ऐकू आल्या. पण नंतर हळूहळू गेली असंल तर? मलाच काय कळंना झालंय."

"चुंबक जवळ गेलं तर काय काय पुसतं?"

"सगळंच की."

"पेटी? तबला?"

आदर्शनं हातातल्या दांडीकडं पाहिलं. मीसुद्धा. ती उठली आणि म्हणाली, "मोबाईल चालू ठेव. बोलवीन तुला." बाहेर येऊन मी विचारलं की मग हा सुटला का, तर म्हणाली, "तो सुटला. पण आपण अडकलो."

४

रुद्रेश आम्हाला अडतीच्या दुकानात भेटला. सणामुळं बाजार थंड होता. अण्णांचा हा एकुलता एक मुलगा, त्यांना अप्पा म्हणतो; बोलायला फटकळ आणि मनानं बरा. पण त्या दिवशी तो आमच्या नजरेला नजर देत नव्हता.

"काकू, अप्पांचं डोस्कं फिरलंय," तो म्हणाला. "घरात बोलत न्हाईत, जेवत न्हाईत. शिवलीलाला काल म्हणाले, परकी पोर, तुला काय तिचं! ती बिचारी रडत बसलीया." शिवलीला म्हणजे त्याची बायको.

"तू कॅसेटीला हात लावलास काय?"

"न्हाय."

"रुद्रेश, मी दुधात पाणी घातलेल्या माणसांची तोंडं बघितली हायत जन्मभर."

रुद्रेशनं मान खाली घातली. "नेली होती," तो म्हणाला. "खंडेनवमीच्या सकाळी. अप्पा बाजारात फुलं आणायला आलते तवा. एका स्टुडिओत तिची नक्कल करून घ्यायची होती, मोबाईलवर. अव्वाचा आवाज मला पण पायजे की, काकू! माझी पण आई हाय ती. अप्पा मला ती खुर्चीत बसून ऐकू देत न्हाईत, दारातनं ऐकायची. पण स्टुडिओच्या दारात माझी हिंमत झाली न्हाय. टेप अडकली, तुटली तर? तशीच माघारी आणून ठेवली."

"शपथ?"

"अव्वाची."

त्याचे डोळे भरले होते. मला आता तोही गुन्हेगार वाटेना. माझी ही नेहमीची पंचाईत आहे. ज्याचं ऐकतो तो खरा वाटतो. घरी येताना मला आणखीच गोंधळायला होत होतं. आदर्श खरं बोलत होता, रुद्रेश खरं बोलत होता, टिकली मोडलेली होती, दोन मशीनींनी साक्ष दिली होती. मग बाई गेली कुठं?

"राहिली शिवलीला," मी म्हणालो.

"तिच्याकडं आत्ता जायचं न्हाय," क्रांती म्हणाली. "आधी चोरीच झाली काय ते बघू."

५

दुपारी तिनं भाकरी अर्धी टाकून दिली. असं ती कधी करत नाही.

"अहो, मला एक सांगा," ती म्हणाली. "वरणातनं मीठ चोरायला आलेला चोर बघितलाय काय कधी? डाळ ठेवली, हळद ठेवली, फोडणी ठेवली आणि मीठ तेवढं घेऊन गेला?"

"नाही बुवा."

"मग एकाच टेपवर तिघं एकदम भरलेत. त्यातली बाई तेवढी निवडून कोण पुसंल? चुंबकाला जमणार न्हाय. रुद्रेशला जमणार न्हाय. शिवलीलेला टेपची बाजू बदलायला येत न्हाय. म्हंजे ती पुसलेलीच न्हाय. ती तिथंच हाय, आणि काहीतरी तिला गप्प बसवतंय."

"पण आपल्या टेपवरही ती गप्पच होती की."

"तिथंच तर माझं घोडं अडलंय," ती म्हणाली आणि उठलीच. आम्ही पुन्हा अण्णांकडं गेलो. शिवलीलेनं दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते. अण्णा खोलीत नुसतेच बसून होते.

डेकमधून प्रीअँपकडं दोन वायरी जात होत्या, एक लाल टोकाची, एक पांढऱ्या टोकाची. डाव्या बाजूचा आवाज एकीतून, उजव्याचा दुसरीतून. क्रांतीनं विचारलं, "अण्णा, पेटी कुठनं यायची पूर्वी?"

"डाव्या स्पीकरमधनं. पेटीवाला तिच्या डाव्या हाताला बसला होता. तबला उजवीकडनं."

क्रांती माझ्याकडं वळली. "आणि तुम्ही काल काय म्हणाला?"

मला आठवेना. मी इतकं बोलत असतो.

"मांडीवर बसलेत म्हणाला. एकाच जागी."

मी मान डोलावली. तेवढ्यात तिनं काही न विचारता लाल टोकाची वायर उपसली. अण्णा ओरडले, "वैनी!" तिनं डेकचं बटण दाबलं.

शांतव्वा गायला लागली.

अण्णा उभेच राहिले. बारीक, स्वच्छ आवाज, मागं पेटी. शिवलीला स्वयंपाकघरातून धावत आली. मी नुसता "अरे, अरे" करत होतो. क्रांतीनं ती वायर परत लावली. आवाज गेला. मग पांढऱ्या टोकाची उपसली. शांतव्वा पुन्हा हजर, या वेळी मागं तबला. तीही लावली, आणि खोलीत पेटी आणि तबला तेवढे उरले.

या वायरीतून एकटी गाते, त्या वायरीतून एकटी गाते, आणि दोन्ही लावल्या की गप्प. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की आता यांच्या जंगमांना, म्हणजे पुरोहितांनाच बोलवावं.

६

"सोडा," क्रांती एकदम म्हणाली.

"काय सोडा?" मी म्हणालो.

"खायचा सोडा हो! दूध आंबट झालं की लोक त्यात सोडा घालून संघात आणायचे. जिभेवर ठेवा, आंबट लागत न्हाय. आंबटपणा कुणी काढून नेलेला असतो काय? न्हाय. सोड्यानं त्याला मारलेलं असतं. आंबट वेगळं चाखा, लागतं. सोडा वेगळा चाखा, लागतो. एकात एक घातले की दोन्ही गप्प." तिनं दोन्ही वायरींवर बोट ठेवलं. "हिच्यातली शांतव्वा आणि तिच्यातली शांतव्वा एकमेकीच्या उलट्या हायत. मिसळल्या की मरतात. पेटी एकाच वायरीत, तबला एकाच वायरीत. त्यांना मारायला दुसरं कुणी न्हाय, म्हणून ते वाचले."

"आपल्या टेपला एकच स्पीकर," मी हळूच म्हणालो. मलाही कधी कधी सुचतं. "तिथं मिसळणारच."

"शाबास. पण इथं दोन हायत. पूर्वी दोन्ही वेगवेगळ्या वाटेनं यायच्या, म्हणून ती जिवंत होती. आता पेटी आणि तबला एका जागेवरनं येतात. म्हंजे खंडेनवमी ते दसरा, एवढ्यात इथं कुणीतरी दोन्ही वाटा एक केल्या." तिनं आदर्शला फोन लावला. "आदर्श, तुझ्या डब्यात डावं-उजवं मिसळायचं बटण हाय काय?"

पलीकडून आवाज आला, "हाय की काकू. मोनो म्हणतात त्याला. जुन्या रेकॉर्डी ऐकायला ठेवलंय. शेवटचं बटण. पण ते तर बाहेर असंल."

ते आत होतं. रांगेतली बाकीची बटणं बाहेर आलेली आणि शेवटचं तेवढं आत रुतलेलं; काळ्यावर काळं, आमच्यापैकी कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. क्रांती खाली वाकली. बटणाच्या कडेच्या फटीत पांढरी रेघ होती. तिनं बोट ओलं करून ती उचलली, अंगठ्यावर चोळली.

"धूळ न्हाय," ती म्हणाली. "पीठ पण न्हाय. अहो, खिडकी उघडा."

उजेड तिरपा पडला तसे डब्याच्या तोंडावर ओल्या फडक्यानं पुसूनही राहिलेले तीन पट्टे दिसले. एकाखाली एक, आडवे. तीन बोटांचे.

"इभूत," अण्णा पुटपुटले. पूजेतलं भस्म.

मागं भांडं पडल्याचा आवाज झाला. शिवलीला भिंतीला टेकून उभी होती.

"मामंजी, मी केलं," ती म्हणाली.

७

खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. अडतीतल्या काट्याची होते, गाडीची होते, मिक्सरची होते. या खोलीतल्या मशीनींची मात्र अण्णांनी बंद केली होती. भस्म आत जातं, हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

"ह्यांनी मला सांगितलं होतं," शिवलीला म्हणाली, "अव्वा असताना दर खंडेनवमीला टेपला इभूत लावायच्या. त्या गेल्या तशी ह्या मशीनींना कुणी हात लावला न्हाय. मला वाटलं, त्यांचं हाय हे, त्यांच्या हातचं राहिलं. मामंजी बाजारात गेलते, तवा मी आले आणि सगळ्यांना तीन बोटं ओढली. नव्या डब्याला जरा जोर देऊन ओढली, गुळगुळीत हाय म्हणून. मग भ्याले आणि पुसून टाकलं. बटण आत गेलं ते मला कळलं पण न्हाय. काल मामंजी आवाज गेला म्हणाले. मला वाटलं, इभूत आत जाऊन कॅसेट खराब झाली."

अण्णा तिच्याकडं वळले. मला वाटलं, आता हा माणूस भडकणार. क्रांती दोघांच्या मध्ये उभी राहिली, आणि तिनं शेवटचं बटण दाबून बाहेर काढलं.

शांतव्वा आली. पेटी डावीकडं गेली, तबला उजवीकडं गेला आणि बाईचा आवाज खोलीभर झाला. छपरातून, भिंतीतून, माझ्या पाठीमागूनसुद्धा. अण्णांनी डोळे मिटले. मग त्यांनी शिवलीलेकडं पाहिलं आणि म्हणाले, "मी तुला परकी म्हणालो. चुकलो मी, पोरी." असं सरळ चुकलो म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तोवर आदर्श मोटारसायकलवरून आला. पाठोपाठ दुकान बंद करून रुद्रेशही आला. क्रांतीनं आदर्शला दोन्ही वायरींचा खेळ करून दाखवला. त्यानं कपाळाला हात लावला.

"मंडपवाल्याच्या माईकचं काम हे," तो म्हणाला. "दोघांतल्या एका माईकच्या आतल्या तारा कुणीतरी उलट्या डागल्या असणार. अव्वा बरोबर मधे बसल्या, दोन्हीकडं सारख्या गेल्या, पण एकीकडं सुलट, एकीकडं उलट. अण्णा, म्हणून तर त्या तुम्हाला भिंतीतनं आल्यासारख्या वाटतात. गाणारा माणूस असा घरभर नसतोय. तो एका जागी बसतोय."

"म्हंजे इतकी वर्षं मी चूक ऐकतोय?" अण्णा म्हणाले.

"चूक न्हवं, अण्णा. पण ह्या स्पीकरच्या मागं दोन वायरी अदलाबदल केल्या तर ती उलट सुलट होईल. करू काय?"

अण्णांनी एकदा या स्पीकरकडं पाहिलं, एकदा त्या. मला त्यांची अडचण कळत होती. घरभर असलेली बायको हातची सोडायची आणि बदल्यात काय येईल, हे कुणाला माहीत? रुद्रेश म्हणाला, "राहू दे अप्पा. हाय तशी चांगली हाय." पण अण्णांनी आदर्शकडं बघून मान हलवली.

आदर्श उजव्या स्पीकरमागं गेला. खटपट झाली आणि तो बाहेर आला. क्रांतीनं कॅसेट मागं घेऊन पुन्हा सुरू केली.

पेटीनं सूर दिला. मग दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथं मोकळी फरशी होती, तिथं शांतव्वा बसली. दुसरा शब्द मला सुचत नाही. भिंतीत आवाज नव्हता, छपरात नव्हता. समोर, हाताच्या अंतरावर, मांडी घालून बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर तो आवाज होता. तिनं श्वास घेतला तो तिथं, बांगडी वाजली ती तिथून जरा खाली. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण माझे हात आपोआप जोडले गेले.

अण्णा खुर्चीतून उठले. हळूहळू पुढं गेले आणि त्या जागेपाशी गुडघ्यावर बसले. त्यांनी तळहात आडवा करून हवेत धरला, जरा वर नेला, जरा खाली आणला आणि एका ठिकाणी थांबवला.

"बसल्यावर एवढीच असायची ती," ते म्हणाले. "एवढीशीच. मी तिला घराएवढी करून ठेवली होती. विसरूनच गेलो होतो बघा."

रुद्रेश दारातून आत आला आणि वडिलांच्या शेजारी फरशीवर बसला. अण्णांनी सरकून त्याला जागा दिली. मग मान वळवली.

"शिवलीला, इकडं ये. तू लग्न होऊन आलीस तवा ही नव्हती. तुझी सासू बघितली न्हाईस तू." त्यांचा हात तसाच हवेत होता. "ही बघ. एवढी होती."

शिवलीलेनं हात पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि त्या मोकळ्या फरशीपुढं वाकून नमस्कार केला. शांतव्वा गातच होती.